गच्चीवरची जागा

मार्चमधला रविवार होता आणि मी गच्चीवर कुरड्या घालत होते. गव्हाचा चीक पहाटेच शिजवून झाला होता, जुन्या लुगड्यावर निम्म्या कुरड्या पडल्या होत्या, आणि खाली टीव्हीसमोर घरचे लोक सकाळपासूनच आपापल्या जागा धरून बसले होते. भारताचा अंतिम सामना होता. आमच्या घरी वाळवणाचा दिवस उन्हावरून ठरत नाही, क्रिकेटच्या वेळापत्रकावरून ठरतो. अंतिम सामना असला की मला गच्चीवर बसायचंच असतं. मग हात रिकामे कशाला ठेवा?

अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं घर लहान आहे, पण सामन्याच्या दिवशी कोण कुठे बसेल याचे नियम लग्नाच्या पंगतीपेक्षा कडक. सासरे दिवाणाच्या कोपऱ्यात, पाय वर घेऊन. एकदा पायात गोळा आला म्हणून त्यांनी पाय वर घेतले आणि नेमका षटकार बसला, तेव्हापासून पाय वरच. नवऱ्याचा निळा टी-शर्ट स्पर्धा संपेपर्यंत धुवायचा नाही. स्पर्धा लांबली की आम्ही खिडक्या उघड्या ठेवतो. शेजारचे भाऊजी दारात उभे, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, कारण ते चप्पल घालून निघाले असतानाच कोणाचं तरी शतक झालं होतं. दमतात बिचारे, पण देशाचा प्रश्न असतो.

माझी जागा गच्ची. काही वर्षांपूर्वी एका अंतिम सामन्याला मी वाटाणे सोलत खाली बसले. तोवर सगळं जिंकत आलेला संघ त्या दिवशी हरला. मैदानात अकरा खेळाडू होते, बाहेर प्रशिक्षक होते, पण आमच्या घरात पराभवाचं खापर वाटाण्यांवर फुटलं. त्यानंतर मी वर असते आणि भारत जिंकतो. जिंकताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही. फटाके वाजले की कळतं. माझी तक्रारही नव्हती. वर शांतता असते, आणि कावळ्यांपासून कुरड्या राखायला कोणीतरी लागतंच.

दुपारी मुलीचा फोन आला.

ती अमरावतीला शिकते आणि कबड्डी खेळते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कॉलेजचा अंतिम सामना होता. तिचा शेवटचाच, परीक्षा झाली की ती नोकरीला पुण्याला जाणार. तिला चढाईत पहिल्यांदा पकडलं ते मी, घरामागच्या बोळात, पदर खोचून. मी जाणार होते. बसची वेळसुद्धा पाहून ठेवली होती.

"आई, राग नको मानू," ती म्हणाली. "उद्या तू येऊ नको ना."

"काहून?"

"मागच्या वर्षी तू आली अन् पहिल्याच चढाईत माझा पाय मुरगळला."

"मी धरला होता का तुझा पाय?"

"तसं नाही वं. बाबाले येऊ दे, तो टी-शर्ट घालून. तू गच्चीवर राय. तू वर असली की मले टेन्शन राहत नाही."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला हसत होते, ती आता माझ्या पोरीपर्यंत पोचली होती. खोटी पाडायची तर आजच. मी खाली गेले आणि टीव्हीसमोर सतरंजीवर मधोमध बसले. आपली फलंदाजी सुरू होती आणि छान चालली होती.

"काहून वं, खाली काहून आली?" सासऱ्यांनी विचारलं.

"मॅच पाहाले."

"मॅच पाहाले!" नवरा ओरडला. "अवं, जाय ना वरते! कावळे कुरड्या खाऊन राहिले असतील."

"खाऊ द्या."

दुसऱ्याच चेंडूवर विकेट गेली. टीव्हीकडे कोणी पाहिलं नाही, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजी दारातून अजिजीने म्हणाले, "वहिनी, माफ करजा, पण मी आता दुसरा पाय बी बाहेर काढू का?"

मी हलले नाही. आणखी दोघं बाद झाले, तरी हलले नाही. मग सामना सावरला आणि आपण जिंकलो. भारताला जिंकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तेही सतरंजीवर बसून.

"झालं ना समाधान?" मी विचारलं.

"जिंकलो बापा," सासरे पेढ्याचा डबा उघडत म्हणाले. "पण तू नसती बसली तर कधीच आटोपलं असतं."

"सकाळपासून वर होती, त्याची पुण्याई कामी आली," नवरा म्हणाला. भाऊजींनी पोटरी चोळत मान डोलावली.

मुलीला मी फोन केला, तोवर बातमी बापाकडून पोचली होती.

"तू बसल्यावर तीन विकेट गेल्या ना?" तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. पण तिचा आवाज ऐकला आणि लक्षात आलं की पोरगी मला नाही, त्या मुरगळलेल्या पायाला घाबरली आहे. भीती कुठेतरी ठेवावीच लागते. तिच्या पायात राहण्यापेक्षा माझ्या गच्चीवर राहिलेली बरी.

"बरं," मी म्हणाले. "मी गच्चीवर असेन."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आणि भाऊजी गाडी घेऊन निघाले. त्यांच्या आधीच मी कुरड्या गच्चीवर पसरल्या, सासऱ्यांच्या हातात काठी देऊन त्यांना वर बसवलं, आणि पहिल्या एसटीने अमरावती गाठली. मैदानासमोर एक दुमजली घर होतं आणि त्याच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालत होती.

"ताई, घटकाभर तुमच्या गच्चीवर बसू देता का?" मी खालून विचारलं.

"काहून? तुमच्या घरी गच्ची नाही का?"

"आहे. पण तिथून माझी पोरगी दिसत नाही."

तिने मला वर घेतलं. समोर मैदानाच्या कडेला नवरा त्याच्या टी-शर्टात बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्या बाईच्या चादरीची चारही टोकं दगडांनी दाबली, हात पुसले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. खाली माझी मुलगी मातीला हात लावून तो कपाळाला नेत होती. मग ती रेषा ओलांडून चढाईला गेली, आणि मी तिला पहिल्या पावलापासून पाहिलं.