चव्वेचाळिसावं घड्याळ

गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण! उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून मास्तर कायम बसलेले. त्यांना मास्तर कुणी केलं कोण जाणे. स्वतः चौथीच्या पुढे गेले नव्हते. पण डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाच्या पोटात बघायला लागले, की गिऱ्हाईक शाळकरी पोरासारखं हात बांधून उभं राहायचं. त्यांची बायको म्हणून मग ती मास्तरीणबाई. वरच्या दोन खोल्यांत ती शिवणकाम करायची.

लोक घड्याळं दुरुस्तीला टाकत आणि विसरून जात. कुणी गाव सोडलं, कुणी जग. मास्तरांनी त्यातलं एकही विकलं नाही. खणात कापडावर ओळीनं निजवलेली, प्रत्येकाच्या पट्ट्याला मालकाची चिठ्ठी, आणि दर सोमवारी सकाळी सगळ्यांना चावी.

“बंद पडलं की आतलं तेल सुकतं,” ते म्हणायचे. “उद्या मालक आला तर काय तोंड दाखवू?”

एवढ्या काटेकोर माणसानं कराच्या नोटिसा मात्र अकरा वर्षं बिस्किटांच्या डब्यात कोंबल्या. हिशेब लिहिणारा माणूस वारला, चांगल्या कमाईच्या दोन वर्षांचा कर भरायचा राहिला. पहिल्या नोटिशीला मास्तर घाबरले, दुसरीला लाजले, तिसरीपासून पाकीटच उघडेनात. व्याज-दंड धरून रक्कम अशी फुगली, की दोन जन्म भिंग लावून बसले असते तरी फिटली नसती. डबा मास्तरीणबाईच्या हाती लागला तेव्हा तिनं दोन दिवस बसून एकेक पाकीट फोडून वाचलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “चला कचेरीत. कच्चं खाणार नाहीत आपल्याला.”

कचेरीनं तडजोडीची वाट दाखवली. जवळ आहे नाही ते सगळं लिहून द्या. खरंच ऐपत नसेल तर कमी रकमेवर मिटवू. पण एक वस्तू जरी लपवलेली निघाली, तर तडजोड रद्द, सगळी रक्कम वसूल आणि दुकानाला कुलूप. दोघांनी बसून यादी केली. शिवणयंत्र, पंखा, कपाट, बँकेतली शिल्लक, तिच्या कानातलं.

“दात सोन्याचा असता तर तोही लिहिला असता,” ती म्हणाली.

महिन्याभरानं एका सोमवारी पडताळणीला तपासनीस बाई आल्या. वर बघून झालं, खाली आल्या, खण ओढला, आणि सगळी टिकटिक एकदम अंगावर आली.

“काका, ही यादीत नाहीत.”

“ती माझी नाहीत, बाई.”

“तुमच्या खणात आहेत, चालू आहेत, आणि तुमची नाहीत?”

“चिठ्ठ्या वाचा की.”

बाईंनी तासभर बसून एकेक चिठ्ठी पावतीपुस्तकाशी ताडून पाहिली. त्रेचाळीस घड्याळं, त्रेचाळीस मालक. “बरं. दुसऱ्यांची म्हणून वेगळी यादी जोडा,” असं म्हणत त्यांनी फाईल मिटली, उठल्या आणि डोकं आपटून घेतलं.

मास्तरीणबाई पाण्याचा पेला घेऊन पुढे झाली. मास्तर जागचे हलले नाहीत.

“बाई, बसा जरा. एक राहिलं.”

खणाच्या पार मागून, कापडाच्या घडीखालून त्यांनी एक बायकी घड्याळ काढलं. बोटाच्या पेराएवढं, सोन्याच्या घराचं. पट्ट्याला चिठ्ठी नव्हती.

“हे माझं. म्हणजे… हिचं. हिच्यासाठी घेतलं त्याच आठवड्यात पहिली नोटीस आली. ती लपवून हे कुठल्या तोंडानं द्यायचं? इथं ठेवलं. दर सोमवारी या सगळ्यांबरोबर चावी देत गेलो. देवाशप्पथ सांगतो, यादी करताना हेही कुणीतरी न्यायला न आलेलंच वाटलं.”

मास्तरीणबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. “मला सांगितलं असतंत तर आले असते की न्यायला,” ती म्हणाली.

तपासनीस बाई डोकं चोळत होत्या. “काका, मला हे दिसलंच नव्हतं.”

“ते कळलं मला.”

“मग यादीत दुरुस्ती केल्याचा कागद आत्ताच लिहा. स्वतःहून सांगितलंत, एवढं मी नोंदवते. पुढचं वरचे साहेब ठरवतील. आणि याची किंमत धरावी लागेल. तुमची भरायची रक्कम तेवढी वाढेल.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. “विकून टाकू का गं?”

“हात तर लावून बघा,” ती म्हणाली. “वाढू दे रक्कम. शिवणावर भरीन मी.”

साहेबांनी काय ठरवलं ते कळायला दोन महिने लागले. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मास्तरांनी सवयीनं डब्याकडे हात नेला, मग थांबले, आणि उभ्या-उभ्याच फोडायला गेले. डोकं आपटलं. तडजोड मंजूर होती, हप्त्यांनी.

पुढच्या सोमवारी चावी द्यायच्या वेळेला मास्तरीणबाई खाली उतरली आणि गिऱ्हाईकाच्या जागी उभी राहिली.

“न्यायला जरा उशीर झाला हो, मास्तर.”

मास्तरांनी भिंग लावलं, काटे बघितले, पट्टा पुसला. मग काहीतरी आठवून एक कोरी चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर तिचं नाव सावकाश लिहिलं. चिठ्ठीशिवाय त्यांनी आजवर कुणालाच घड्याळ दिलं नव्हतं.