सावळाराम कंडक्टरची जांभळी डॉक्टरकी

माणूस भेटला की सावळाराम आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी बघायचा, मग तोंड. पापणी आतून पांढरट दिसली, की समोरचा काही बोलायच्या आत त्याच्या हातावर काहीतरी जांभळं पडायचं. उन्हाळ्यात करवंदं, मिरगाच्या आगेमागे जांभळं, माघात काळी द्राक्षं. पांढऱ्या सदऱ्याचा उजवा खिसा कायम डागाळलेला. द्राक्ष सोलून खाणाऱ्याला तो चारचौघांत बोलायचा. करवंदाची साल थुंकणाऱ्याला तर, "आरं औशिद थुकलास की, राव!" आणि बोलणं संपलं की नखानं दोनदा टिचकी. खाटेवर, पत्र्यावर, नाहीतर समोरच्याच्या पाठीवर. ती डबल बेल.

एसटीत कंडक्टर होता ना. मंचर-भीमाशंकर गाडीवर त्याची उमर गेली. सत्त्याण्णव साली निवृत्त झाला आणि शिनोलीतल्या रस्त्याकडेच्या घरात येऊन बसला. बसून बसून कंटाळला. एका दुपारी रेडिओवर कुणा डॉक्टरीणबाईंचं भाषण लागलं. बाई सांगत होत्या की फळाचा जांभळा रंग सालीत असतो. तो रंग अंगाला गंज चढू देत नाही, रक्तवाहिन्यांना बरा असतो. करवंदात लोह असतं. जांभूळ साखरेचा आजार असलेल्या माणसालाही बेतानं चालतं. मग बाई म्हणाल्या, "पण लक्षात ठेवा..." आणि रेडिओचे सेल संपले.

सावळारामाची सगळी डॉक्टरकी त्या अर्ध्या भाषणावर उभी राहिली.

शेजारचा भिका मेंढरं-शेरडं राखायचा. तो मुद्दाम विचारायचा, "कंडक्टर, वांगं बी जांभळंच की. त्यानं काय व्हतं?"

"सालीसकट खातो का?"

"खातो की."

"मंग तुला काय धाड भरलीय इचारायला!"

असं चाललं होतं ते बरं चाललं होतं. दोन हजार तीनच्या चैत्रात मात्र खेळ घरात आला. सून आरती दुसऱ्या खेपेची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणे गावाला झालं होतं. हे सासरी व्हायचं होतं. सातव्या महिन्यात उपकेंद्रात हिरा सिस्टरनं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ भरलं. दहाच्या वर गेलं नाही तर घोडेगावला बाळंतपण करायचं नाही, थेट पुण्याला न्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आरतीची चुलतबहीण अशीच कमी रक्तावर बाळंतपणाला गेली होती. ती परत आली नव्हती. घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं, पण आरती रात्री नीट झोपत नव्हती.

सिस्टरनं लाल गोळ्या दिल्या. सावळारामानं करवंदं आणली. द्रोण आरतीपुढं ठेवला, तोच त्याच्या बायकोनं, साळुबाईनं उचलला.

"पोटुशीनं काळं खायचं न्हाई. पोर काळं व्हतं."

"झालं तर झालं. मी न्हाई का काळा?"

"तेच म्हंते मी. घरात एक हाय, तेवढं पुरं."

"माझ्या आईनं काय काळं खाल्लं व्हतं गं?"

"आख्खं झाड खाल्लं आसंल. बगा की आरशात."

आरती तोंडाला पदर लावून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून सावळारामानं त्या दिवशी हार मानली. पण एकाच दिवसापुरती.

दुसऱ्या दिवसापासून चोरून सुरू झालं. गोठ्यामागं आरती उभी राहायची आणि सावळाराम सदऱ्यातून ऐवज काढायचा. करवंदांनी फारसा घोटाळा केला नाही. पुढं पहिली जांभळं आली आणि पंचाईत झाली.

"आरती, जीभ काढ बरं," साळुबाई म्हणाली.

आरतीनं सासऱ्याकडं बघितलं. सावळारामानं आपलीच जीभ बाहेर काढली. जांभळीगार.

"तुमची कुनी मागितली?"

त्यानंतर तो सुनेला मिठाचं पाणी आणून द्यायला लागला. "चूळ भर पोरी, बिगीनं. चेकर चढलाय गाडीत."

"मामा, त्या गोळीनं लई मळमळतं," आरती एकदा म्हणाली.

"मंग ऱ्हाऊ दे. फळात हाय तेच गोळीत हाय. एका सीटला दोन तिकिटं कशाला फाडायची?"

त्यानं डबल बेल दिली. आरतीला सुटल्यासारखं वाटलं. गोळ्यांची पाकिटं पिठाच्या डब्यामागं गेली.

पुढच्या तपासणीला तो स्वतः सोबत गेला, ऐटीत. द्रोणभर जांभळं सिस्टरसाठी घेऊन. हिरानं रक्त घेतलं, तपासलं, पुन्हा तपासलं. आठाचं साडेसात झालं होतं.

"गोळ्या घेतेस ना गं?"

आरती मामांकडं बघत राहिली. मामा द्रोणाकडं.

"कंडक्टर, तुमी बोला."

"मी बंद केल्या."

"कशापायी?"

"फळं देत व्हतो, शिस्टर."

हिरा ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "फळं चांगलीच हायेत. पन करवंदातलं लोह चिमूटभर. हिला लागतंय पसाभर, ते गोळीत हाय. करवंद आंबट, ते गोळी अंगी लागायला मदत करतं. जेवल्यावर गोळी आन् करवंद संगट द्या. मळमळ कमी व्हईल. करवंदं संपली की लिंबू. त्या वक्ताला चहा न्हाई. आन् जांभूळ तुरट. ते गोळीपासून लांब ठेवा, दुपारी खाऊ द्या."

सावळारामानं द्रोण आपल्याकडं ओढला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी जांभळाला खाली उतरवलं तुमी."

"उतरवलं न्हाई. मागच्या सीटवर बसवलं."

वाटेत आरती म्हणाली, "मामा, मलाच नको व्हती ती गोळी." सावळाराम घरी येऊन साळुबाईपुढं उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. गोठा, चूळ, पिठाचा डबा. आता भांडण होणार म्हणून आरती दारातच थांबली.

साळुबाईनं डब्यामागची पाकिटं काढली, पदरानं पुसली. मग नवऱ्याच्या खिशात हात घालून एक करवंद घेतलं आणि दाबून फोडलं.

"आतनं तर तांबडं हाय हे," ती म्हणाली. "मंग चालतं."

सावळारामानं सबंध खिसाच तिच्या पदरात रिकामा केला.

त्या दिवसापासून रोज जेवण झालं की साळुबाई एका हातात गोळी, एका हातात करवंद घेऊन सुनेपुढं उभी. सावळाराम उंबऱ्यावर. गोळी गिळून झाल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. "पोटात गेली का? दाखव." जीभ आता तोच बघायचा. करवंदं संपली तेव्हा तो घोडेगावच्या बाजारातून पिशवीभर लिंबं घेऊन आला. पिवळ्या रंगाची वस्तू त्याच्या हातात बघून भिका वाटेतच थांबला.

"कंडक्टर, रूट बदलला जनू!"

"गप. डूटी हाय."

आषाढात पुन्हा रक्त तपासलं. दहाच्या थोडं वर. घोडेगावलाच बाळंतपण झालं. मुलगी. आरती धडधाकट. साळुबाईनं दुपटं सारून नात बघितली, नवऱ्याकडं बघितलं, पुन्हा नात बघितली.

"सगळी कंडक्टरवर गेली की गं बया!"

"जाऊ दे," सावळाराम म्हणाला, "तिकिटं तरी बराबर फाडील." आणि खाटेच्या दांडीवर डबल बेल दिली.

नातीचं नाव श्रेया ठेवलं. बारसं उरकलं आणि तो उपकेंद्रात गेला. आवाराला करवंदाचं कुंपण घालायची परवानगी मागितली. गोळी घ्यायला आलेल्या बाईला आंबट काहीतरी दारातच मिळालं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. बिया त्यानं स्वतः रुजवल्या. पहिल्या वर्षी मागची बाजू लावली, मग एकेक करून डावी-उजवी. मागच्या बाजूला करवंदं धरली तेव्हा हिरा सिस्टरची बदली झाली होती. त्यानं तिच्यासाठी कुणाच्या तरी हाती द्रोण धाडला.

रस्त्याकडची चौथी बाजू काही धरेना. रोप लावलं की शेरडं खायची.

"कंडक्टर, माझ्या शेरडांचं रक्त लई वाढलंय बरं का," भिका सांगायचा.

"बांधून ठेव की त्यांला!"

"गोळी घ्यायला येत्यात ती. कशी अडवू?"

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्यानं त्या बाजूला पुन्हा खड्डे खणले. पाऊस पडला की रोपं लावायची होती. जेठात, पाऊस यायच्या आधीच, तो गेला. झोपेत गेला.

रोपं गोठ्यात आहेत, दुधाच्या पिशव्यांत. साळुबाई त्यांना पाणी घालते. खड्डे अर्धे बुजलेत. ती बाजू उघडीच आहे.