आधी घर सांगा

आइस्क्रीमचं मशीन घ्यायला म्हणून आम्ही दुकानात गेलो, तर गणपतमामांनी पहिली दहा मिनिटं आम्हाला मशीनच दाखवलं नाही. काउंटरच्या अलीकडे येऊन त्यांनी दोन स्टुलं आमच्याकडे सरकवली, तिसऱ्यावर स्वतः बसले आणि म्हणाले, "आधी घर सांगा सर. मंग मशीन दाखवतो."

घरात माणसं किती, त्यात लहान किती, गोड कोणाला चालत नाही, फ्रीज एका दाराचा की दोन दारांचा, आमच्या भागात लाइट किती वेळ जाते, दूध पिशवीचं की गवळ्याचं, आणि मुख्य म्हणजे मशीन धुणार कोण, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा एवढी चौकशी करत नाहीत. शेवटच्या प्रश्नाला मी "धुतील घरात कोणीतरी" असं उत्तर दिलं, तेव्हा ते माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे, मीनाकडे बघून हसले. मीना तेव्हापासून त्यांच्या पक्षात गेली, ती अजून तिथेच आहे.

हे दुकान लातुरात, गंजगोलाईपासून जवळच्या एका गल्लीत. मामा चाकूरकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायचे. साठी उलटलेली, अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, चपला दुकानाच्या पायरीशी काढलेल्या. शिक्षण सातवी. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. लातुरात फिजिक्सच्या मास्तराला पालक जरा जास्तच मान देतात, आणि आम्हीही तो हक्कानं घेतो. मी मूळचा नायगावचा, पण इथं आल्यापासून या मानाची चांगलीच सवय झाली आहे.

मामांनी मग तीन मशीन मांडली. एक हातानं फिरवायचं, बाहेरून बर्फ आणि खडेमीठ घालायचं. दुसरं भांड्याचं: भांडं आधी फ्रीझरमध्ये गोठवायचं, मग त्यात दूध ओतून वरची मोटर चालू करायची. तिसरं स्वतःच गार करणारं, किमतीला आणि वजनाला लहानशा फ्रीजएवढं. मी साहजिकच तिसऱ्याकडे बघत होतो. मामा म्हणाले, हे ज्याच्या घरी आठवड्याला दोनदा आइस्क्रीम होतं त्याच्यासाठी, तुमच्याकडं उन्हाळ्यात चारदा होईल. आणि मग ते वाक्य म्हणाले, जे मी पुढे वर्गातसुद्धा दोन-तीनदा वापरलं, अर्थात त्यांचं नाव न घेता.

"दुकानातून गेलं म्हंजे मशीन इकलं असं न्हाई सर. सहा महिन्यांनी बी वट्यावर असलं, तर इकलं. माळ्यावर गेलं, तर मी हरलो."

आमच्यासाठी भांड्याचं मशीन बरं, असं त्यांचं मत पडलं. फक्त भांडं फ्रीझरमध्ये सरळ उभं राहायला हवं. "बसेल की," मी म्हणालो. मामांनी खोक्याची सुतळी तोडली, भांड्याच्या उंचीला एक गाठ मारली, रुंदीला दुसरी, आणि ती मीनाच्या हातात दिली. घरी जाऊन लावून बघा, गाठ आत राहिली तर या, नाही राहिली तर हाताचं घ्या, आज काहीच घेऊ नका. गिऱ्हाईक पैसे काढायच्या बेतात असताना त्याला सुतळी देऊन घरी पाठवणारा विक्रेता मी तोवर पाहिला नव्हता.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक बाई कपडे धुण्याचं मोठं मशीन बघायला आल्या. सगळं आपोआप करणारं, वर काचेचं झाकण असलेलं. मामांनी त्यांनाही घर विचारलं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं? आठवड्यानं, कधी दहा दिवसांनी, बाई म्हणाल्या. मग हे मशीन नळाची वाट बघत बसेल ताई, असं म्हणून मामांनी त्यांना साधं, बादलीनं पाणी ओतायचं मशीन दाखवलं. बाई खूश होऊन निघाल्या, नवऱ्याला घेऊन येते म्हणाल्या. गल्ल्यावर धाकटे मालक बसले होते. वडिलांच्या मागे दुकान त्यांच्याकडे आलेलं. ते मामांकडे बघत होते, आणि ते बघणं काही कौतुकाचं नव्हतं.

मी सहज विचारलं, मामा, किती वर्षं झाली इथं? मामांनी हसत हसतच सांगितलं. थोरल्या मालकांपासून इथंच, आणि ते होते तोवर काही त्रास नव्हता. "आता धाकटे म्हणून राहिले, मामा, तुमी बोलता लई अन् इकता कमी. गोदामात बसा. मी म्हणलं, ह्यो एक उन्हाळा बघा मालक." गोदाम म्हणजे शहराबाहेरची पत्र्याची शेड, तिथं खोकी मोजायची आणि गाडी आली की उतरवून घ्यायची. तिथं कोणी गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर मामा घर कोणाचं विचारणार? हे सगळं मी त्या दिवशी ऐकलं होतं. पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत असे की हे आपल्या लक्षात राहिलं नाही. ते खोटं आहे. माझ्या चांगलं लक्षात होतं.

घरी आलो. मीनानं फ्रीझरमध्ये सुतळी धरली. गाठी आत राहिल्या, वर दोन बोटं जागाही उरली. मुलं नाचायला लागली. मीना म्हणाली, उद्या कॉलेजवरून येताना घेऊन या. आणि मी, चहा पिता पिता, मोबाइलवर तेच मशीन शोधलं. तीच कंपनी, तोच रंग, आणि किंमत चांगलीच कमी. वर घरपोच. मी बोट टेकवलं आणि मोकळा झालो. मीनानं फक्त एवढंच विचारलं, "अन् मामा?" मी म्हणालो, त्यांना दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं असतात. त्यांच्या दुकानात आम्ही होतो त्या तासाभरात आमच्याशिवाय एक बाई आली होती, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

मशीन आलं. रविवारी नांदेडहून मीनाचा भाऊ, वहिनी आणि मुलं आली होती. मी सकाळीच भांडं फ्रीझरमध्ये ठेवलं, दुपारी दूध, साखर, साय, आंब्याचा रस ओतला आणि सगळ्यांना भोवती बसवून मोटर चालू केली. मीठ बर्फात घातलं की काय होतं, यावर मी पाहुण्यांच्या मुलांना एक छोटं व्याख्यानही दिलं, जरी या मशीनमध्ये मिठाचा काही संबंध नव्हता. चाळीस मिनिटं दूध गोल गोल फिरत राहिलं. शेवटी आम्ही ते पेल्यांत ओतून प्यालो. मेहुणा म्हणाला, मिल्कशेक छान झाला. पुढच्या रविवारी पुन्हा मिल्कशेकच झाला. परत पाठवायला गेलो, तर वापरलेलं मशीन परत घेत नाही असं उत्तर आलं.

"मामांकडं जा," मीना म्हणाली. मी टाळलं. ती म्हणाली, मग मी जाते. तेव्हा मी पिशवीत मशीन घालून निघालो.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. मामा मला बघून उठले, स्टूल पुढे केलं. मी पिशवीतून मशीन काढलं, आणि त्याच वेळी मागून कोणीतरी "नमस्कार सर" म्हणालं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील होते. धाकटे मालक उठून आले. त्यांनी मशीन पाहिलं, बिल मागितलं. मी म्हणालो, इथलं नाही. ते शांतपणेच बोलले. म्हणाले, याच मशीनसाठी तुम्ही मामांजवळ तासभर बसला होता ना सर? मग मामांनीच सांगितलं का बाहेरून घ्या म्हणून?

उत्तर सोपं होतं. नाही, मामांनी इथूनच घ्या म्हटलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून मी बाहेरून घेतलं, चूक माझी. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण पाठीमागे पालक उभे होते, आणि फिजिक्सचे सर दुकानात तासभर शिकून दुसरीकडून वस्तू घेतात हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, "मॉडेल मामांनीच सांगितलं होतं."

धाकट्या मालकांनी मान हलवली. "बघा मामा," एवढंच म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायरची गुंडाळी सोडवत होतो. त्यांना बोलता आलं असतं. मी खोडून काढू शकलो नसतो. पण त्यांनी भांडं उचललं, टॉवेलनं पुसलं आणि विचारलं, किती वेळ ठेवलं होतं फ्रीझरमध्ये? सात-आठ तास, मी म्हणालो.

"एक दिवस पुरा ठेवा. काढलं की कानापाशी धरून हलवा. आत पानी वाजलं, तर अजून गोठलं न्हाई. दूध वतू नका. अन् दूध बी आधी गार करा."

असं म्हणून त्यांनी ते भांडं माझ्या कानाला लावून हलवलं. आतल्या दोन पत्र्यांच्या मधलं पाणी डुचमळलं. ते गोठायला किती उष्णता काढावी लागते, हे गणित मी दरवर्षी दीडशे मुलांकडून सोडवून घेतो. मामांनी पहिल्या दिवशीही हे सांगितलं होतं, असं मीनानं नंतर मला सांगितलं. मी तेव्हा खोक्यावरची किंमत वाचत होतो.

"जमंल आता. जावा," मामा म्हणाले. मी त्या पालकांना नमस्कार करून निघालो.

जमलं. पुढच्या रविवारी आंब्याचं आइस्क्रीम असं झालं की मुलांनी भांडं चाटूनपुसून घेतलं. मीही खाल्लं, दोन वाट्या. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मालकांना खरं सांगायचं, असं मी ठरवलं. मग निकाल आले, प्रवेश सुरू झाले, पाऊस लागला. कामं खरी होती, पण कामाआड लपणारा माणूसही खराच होता. दिवाळीत एकदा दुकानात डोकावलो, तर मामांच्या जागी दुसरे गृहस्थ. मामा? ते उन्हाळ्यातच गोदामात गेले की, ते म्हणाले. गोदाम माझ्या कॉलेजपासून स्कूटरवर वीस मिनिटं. मी गेलो नाही.

फेब्रुवारीत मिक्सरचं भांडं बदलायला गेलो, तेव्हा कळलं की मामा वारले. संक्रांतीनंतर दोन दिवस ताप आला आणि गेले. मिक्सरचं भांडं मी तिथंच विसरून आलो.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. एसटीत बसून काय बोलायचं त्याची उजळणी केली. मामींना सांगायचं की मामांना गोदामात धाडलं ते माझ्यामुळे, मी खोटं वागलो. माफी मागायची. त्या काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, पण परीक्षेला निघालेल्या मुलासारखी तीच वाक्यं पुन्हा पुन्हा घोकत होतो.

घर शोधायला वेळ लागला नाही. मामी अंगणात खाटेवर बसल्या होत्या, शेजारी त्यांचा मुलगा. मुलगा शेती बघतो. मी म्हणालो, मी लातूरहून आलो, कॉलेजात शिकवतो, मामांनी मला आइस्क्रीमचं मशीन दाखवलं होतं. मी पुढचं वाक्य जुळवत होतो, तोच मामी खाटेवरून उठल्याच.

"तुमीच का ते सर? लई सांगायचे ओ तुमचं. भरल्या दुकानात मालकाला म्हणले म्हणं, मॉडेल मामांनीच सांगितलं. एवढा शिकलेला माणूस, अन् माझं नाव घेतलं, म्हणायचे."

मामा गोदामात कसे गेले, असं मी कसंबसं विचारलं. गुडघे दुखायचे, उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांनीच मागून घेतलं, मामी म्हणाल्या. मामा दुकानात दिवसभर स्टुलावर बसून असत, हे मी पाहिलेलं होतं. घरी त्यांनी माझा गुन्हा सांगितलाच नव्हता. तेच वाक्य त्यांनी घरी नेलं होतं, पण उलटं करून, आपला मान म्हणून. आता मी माझं ओझं उतरवायला खरं बोललो असतो, तर या बाईंकडे उरलेली ती एक गोष्टही मी हिसकावून घेतली असती. माफी मागायची वाटसुद्धा मामांनी माझ्यासाठी ठेवली नव्हती, आणि ती त्यांनी मुद्दाम बंद केली असेल असं मला वाटत नाही. त्यांना फक्त घरी मान खाली घालायची नव्हती.

मुलगा म्हणाला, "मी आईला म्हणतो, दुकानातल्या माणसाचं नाव कोण घेतंय? आमचे अण्णा आपले मनानंच सांगत असतील." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "खरंच म्हणला होता का सर?"

मामी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणालो, "मालकांसमोर म्हणालो होतो."

"बघ," मामी मुलाला म्हणाल्या, "मी सांगत नव्हते?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. मी उठायला लागलो, तर म्हणाल्या, "असं कसं जाता सर? तुमी त्यांचं नाव घेतलेला माणूस. चहा घेऊनच जावा."

मी खाली बसलो. चहा आला, तो सगळा प्यालो.