तळाचं कापड

शनिवारी दिवेलागणीला खिळेमामांनी दातांच्या डॉक्टरांचा सोफा टेम्पोत चढवला, टेम्पोवाल्याला "जपून ने रे, रेक्झिन नवं आहे" असं बजावलं, आणि सोफ्याबरोबर चार जिवंत पिल्लंही रवाना केली. मजुरी फक्त सोफ्याची घेतली. पिल्लांचा त्यांना तेव्हा पत्ताच नव्हता.

खिळेमामांचा धंदा जुने सोफे-खुर्च्या उसवून नव्या करण्याचा. पुढे दुकान, मागे घर, मध्ये पडदा. तोंडात कायम बारीक खिळे. ओठांतून एकेक काढायचा आणि हातोडीला द्यायचा. त्यामुळे बोलणं बेताचं. गिऱ्हाईक घासाघीस करून दमायचं, मामा नुसतं "हं" म्हणायचे आणि भाव ठरायचा. "निम्मा संसार त्या खिळ्यांनी चालवलाय," असं मामी म्हणायच्या.

पण पोटुशी मांजर दिसली की हा माणूस तोंडातले खिळे काढून बोलायचा. आसपासच्या भटक्या मांजरींना कोणी सांगून ठेवलं होतं कोण जाणे, पोट दिसायला लागलं की त्या मामांचं मागचं दार गाठायच्या. मग रोज एक उकडलेलं अंडं, पाण्याची थाळी, टेबलाखाली जुन्या पडद्याचं अंथरूण घातलेलं खोकं. बोका फिरकला तर कापड मोजायचा गज घेऊन मामा त्याच्या मागे.

"लेकीच्या बाळंतपणात एवढे धावला नव्हतात," मामी म्हणायच्या.

"लेकीला सासू होती. हिला कोण आहे?"

यंदा जी आली होती तिचं नाव मामींनी फौजदारीण ठेवलं होतं. पाहणीला आल्यासारखी यायची. अंगाला हात लावू द्यायची नाही, अंडं मात्र रोजच्या वेळेला हवं. मामांनी दाखवलेलं खोकं तिने एकदा हुंगलं आणि शेपटी वर करून निघून गेली. मामांना वाटलं, घेईल सवयीने. तिने जागा आधीच पाहून ठेवली होती. डॉक्टरांचा सोफा दुकानात पाय वर करून पडला होता, तळाचं कापड फाडून काढलेलं, आणि हात टेकतात तिथल्या लाकडी पोकळीत काथ्या भरलेला. यापेक्षा ऊबदार खोली तिला कोण देणार?

तळ बंद करण्याआधी पोकळीत हात घालून पाहायचं, हा मामांचा नेम. त्या संध्याकाळी टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता आणि फौजदारीण मागच्या दारी अंडं खात होती. अंडं मामांनीच हाक मारून घातलं होतं. ती बाहेर आहे एवढं त्यांनी पाहिलं आणि कापड ताणून ठोकलं.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, तशी ती आत आली. सोफा होता त्या रिकाम्या फरशीवर गोल फिरली. कोपरे हुंगले. मग ओरडायला लागली, ती अर्ध्या तासानंतरही थांबेना.

पडदा सारून मामी आल्या. "अहो, हिचं पोट कुठे गेलं?"

मामांच्या तोंडातून खिळे गळून फरशीवर सांडले.

त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. मामी ओरडणाऱ्या मांजरीमागे दारापर्यंत गेल्या. आता सरळ सांगायचं होतं: तुमच्या सोफ्यात मांजरीची पिल्लं आहेत, दार उघडा. पण नवीन दवाखाना, पहिलंच मोठं काम. पेशंट बसायच्या सोफ्यातून मांजरं निघाली असं चारचौघांत झालं तर मामांच्या दुकानाची पायरी पुन्हा कोण चढणार?

"डॉक्टर, ते... सोफ्याचं जरासं काम राहिलंय."

"राहू द्या हो. टेम्पोवाल्याने आत ठेवून दिला, कुलूपही लावलं. सोमवारी सकाळी या निवांत."

"बरं," मामा म्हणाले.

"नीट सांगितलंत ना?" मामींनी परत येऊन विचारलं.

"सांगितलं. ते गावाला गेलेत."

मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे मांजर टक्क डोळ्यांनी बघत होती, डोळे मामांनी मिटले होते.

रविवारभर फौजदारीण ओरडत होती. आधी दुकानात, मग पत्र्यावर, मग पुन्हा दुकानात. अंड्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. दुपारी मामा दवाखान्यापर्यंत जाऊन आले. शटरला कान लावला. आतून काही ऐकू आलं नाही, यातच त्यांनी समाधान मानायचा प्रयत्न केला: झोपली असतील. फोन खिशातच होता. दोनदा काढला, दोनदा ठेवला.

सोमवारी दवाखान्यातली मुलगी शटर उघडते न उघडते तोच मामा आत घुसले. सोफा आडवा केला आणि स्वतःच ठोकलेलं कापड टराटरा फाडलं. पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. पहिलं पिल्लू थंड. दुसरं थंड. तिसरं काथ्यात अडकून वाळक्या पानासारखं हलकं झालेलं. चौथं काढलं तेव्हा त्याचा जबडा हलला. आवाज नाही, नुसता जबडा.

आतल्या जिन्यावरून डॉक्टर खाली आले, पायात घरच्या चपला, हातात चहाचा कप. फरशीवरचं दृश्य पाहून त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"हे काम राहिलं होतं?"

मामांच्या तोंडात एकही खिळा नव्हता.

"अहो, मी वरच राहतो. परवा सांगितलं असतंत तर चावी घेऊन जिना उतरायचा होता, बस्स."

डॉक्टर रागावले असते तर मामांना बरं वाटलं असतं. मुलीने कापूस दिला. चौथ्याला त्यात गुंडाळून, शर्टाच्या आत छातीशी धरून मामा घरी आले.

फौजदारिणीने त्याला हुंगलं, नखशिखांत चाटलं आणि मानेला धरून भिंतीवरून पलीकडे गेली. मामी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर गावाहून आले वाटतं?" मामांनी मान खाली घातली. त्या विषयावर नवरा-बायकोचं एवढंच बोलणं झालं.

पिल्लू जगलं की नाही, कळलं नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. त्या सातांत मामांचं घर पुन्हा आलं नाही. दुसऱ्या मांजरी येतात, अंडं खातात.

दवाखान्यातल्या मुलीचा अधूनमधून फोन येतो. "काका, तळाचं कापड लोंबतंय हो. पेशंटच्या पायात येतं."

"उद्या येतो," मामा सांगतात.

कापड मापाने कापून, घडी घालून फळीवर ठेवलेलं आहे. बाकीच्या गिऱ्हाइकांचे सोफे वेळेवर जातात. घडीवर धूळ बसली की मामी ती झटकतात आणि पुन्हा जागच्या जागी ठेवतात.