चार बोटांचा प्ले

आमचे साडू चष्म्याचं दुकान चालवतात. समोरच्याला दोन भिंगं दाखवून "यातून स्पष्ट दिसतं की त्यातून?" असं विचारण्यात त्यांची तीस वर्षं गेली. स्वतःची गाडी मात्र त्यांना अस्पष्टच आवडत होती.

गाडी लाल, उघड्या टपाची, दोनच सीटची, वय वर्षं बत्तीस. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसे; गॅरेजवाले याला 'प्ले' म्हणतात. मग अचानक आठवण झाल्यासारखी ती वळे. त्यामुळे सरळ रस्त्यावरही साडू दोन्ही हातांनी चाक सतत इकडे-तिकडे करत राहत. बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ वादळातून जहाज नेतायत. "ही गाडी कुणाच्याही हातात चालत नाही," असं ते अभिमानानं सांगत. आपला तो बाब्या, दुसरं काय.

वाहन तपासणीच्या अधिकाऱ्याला बाब्याचं कौतुक नव्हतं. तो गाडी स्वतः चालवून बघे. दोनदा पाच मिनिटांत परत येऊन त्यानं 'स्टिअरिंग ढिलं' असा शेरा मारला. तिसऱ्यांदा तोच शेरा मिळाला तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. हातात एक महिना होता.

साडूंनी उपाय केले नाहीत असं कोण म्हणेल? त्यांनी रुंद टायर घातले. लहान आकाराचं, चामड्याचं स्टिअरिंग बसवलं. ढिलेपणा तेवढाच राहिला, पण हाताला मऊ लागू लागला. तीन गॅरेजांतून अलाइनमेंट झाली. शेवटी एका रविवारी त्यांनी गाडीखाली शिरून एक स्क्रू आपल्या हातानं आवळला. तेव्हापासून स्टिअरिंग ढिलं होतंच, वर जडही झालं, आणि वळणानंतर आपणहून सरळ होईना. जखम मांडीला, मलम शेंडीला.

माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, बारा वर्षं शाळेची व्हॅन चालवते. तिनं मला फोन केला. "भाऊजी, तुम्ही जरा सोबत या. हे माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकल्यासारखं तरी करतात." मी आजवर काय काय झालं ते तारीखवार एका कागदावर लिहून काढलं आणि तिघं एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. गाडीत दोघांचीच सोय असल्यामुळे मी मागून स्कूटरवर.

मिस्त्रीनं कागद शांतपणे वाचला. मग विचारलं, या सगळ्यांनी गाडी जॅकवर उचलून तपासली का? साडू म्हणाले, अर्थातच, तिन्ही गॅरेजं नावाजलेली होती. मिस्त्री म्हणाला, "हवेत लटकलेल्या चाकाला जोर कुठे लागतो, साहेब? चाकं जमिनीवर राहू द्या. ओझ्याखाली असताना काय हलतं ते बघू."

गाडी तशीच चालवत गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर आणली आणि मिस्त्री खाली उतरला. वरून कुणीतरी स्टिअरिंग अगदी थोडं डावी-उजवीकडे हलवायचं होतं. साडू बसले आणि त्यांनी नेहमीचं वादळ सुरू केलं. दोनदा सांगून झाल्यावर खालून आवाज आला, "ताईंना बसवा."

मेहुणीनं दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे, असं घड्याळाच्या लंबकासारखं हलवलं. मिस्त्रीनं मला खाली बोलावून माझा हात एका आडव्या दांड्यावर ठेवला. ही रॅक, स्टिअरिंगचं फिरणं दोन्ही चाकांपर्यंत पोचवणारी. ती दोन पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला बांधलेली असते आणि पट्ट्यांच्या आत रॅक घट्ट धरणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे बुश, असतात. इथे बुशांचा भुगा झाला होता. चाकं वळण्याआधी अख्खी रॅकच आडवी सरकत होती. मला यंत्रातलं काही कळत नाही. पण जे बांधलेलं असायला हवं ते हलतंय, एवढं हाताला कळलं.

नवे बुश बसले. साडूंनी आवळलेला स्क्रू मिस्त्रीनं पुन्हा सैल केला, टायरची हवा नेमकी केली, आणि दोरी ताणून चाकं सरळ लावली. तीन तासांत काम संपलं.

साडू मोठ्या ऐटीत चाकामागे बसले, अंगणातून निघाले आणि नागासारखे वळवळत फाटकाच्या खांबापासून वीतभरावर थांबले. त्यांच्या हातांची हालचाल आजवर त्या चार बोटांच्या प्लेमध्ये जिरत होती. आता प्रत्येक झटका चाकापर्यंत पोचत होता. नाचता न येणारा अंगण वाकडं म्हणतो. यांचं अंगण खरंच वाकडं होतं. ते सरळ केलं आणि नाच उघडा पडला.

"बिघडवलीत तुम्ही गाडी," साडू खाली उतरून म्हणाले. "जुने रबर परत लावा."

तपासणीला चार दिवस राहिले होते.

"साहेब, गाडी बरी झालीय," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "आता तुम्ही नुसतं धरून बसा."

"जुने रबर मी कचऱ्यात टाकलेत," मेहुणी म्हणाली. "उचलायचे असतील तर डबा तिकडे आहे."

साडूंनी डब्याकडे खरोखर एकदा पाहिलं.

चार दिवस त्यांनी सकाळी सराव केला. सराव म्हणजे काही न करणं, आणि आयुष्यभर तज्ज्ञ राहिलेल्या माणसाला त्याइतकं अवघड दुसरं काही नाही. तपासणीच्या दिवशी, मेहुणी शेजारी आणि मी मागून स्कूटरवर, अशी गाडी कार्यालयापर्यंत पोचली, पण लाटा काढत; माझ्या मागचे लोक हॉर्न वाजवायचं सोडून अंतर राखून येत होते.

अधिकारी गाडी घेऊन गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साडूंनी चष्मा तीनदा पुसला. मग ती वळणावर दिसली. अधिकाऱ्याचा एक हात चाकावर, कोपर दारावर. त्यानं कागदावर सही केली आणि मनापासून म्हणाला, "छान झालीय. आता कुणीही चालवेल."

साडूंनी कागद घेतला. नापास झाल्यावरसुद्धा त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता. अभिनंदन करावं की सांत्वन, ते मला कळेना. मी खिशातलं पेन उगाच बंद-उघड केलं.

"अहो, सरका," मेहुणी म्हणाली. "मला व्हॅनसाठी उशीर होतोय."

साडू एरवी वाद घालायला कमी करत नाहीत. त्या दिवशी ते दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसले, कागद मांडीवर, हात कागदावर. मी स्कूटर त्यांच्या मागोमाग घेतली. घरापर्यंत गाडी दोरीनं आखल्यासारखी सरळ गेली.