नाडकर्णी मॅडमची रिकामी पट्टी

आमच्या ऑफिसची क्रिकेट टीम एकदा स्पर्धा जिंकून आली. बहरीनमधल्या, अदलियातल्या ऑफिसात केक आला. नाडकर्णी मॅडमनी चष्म्यावरून ट्रॉफीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एकदा जिंकलात. अजून तीनदा जिंका, मग केक कापू." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. केक फ्रिजमध्ये गेला. मॅडम क्लायंटकडे गेल्यावर आम्ही तो खाल्ला.

मॅडम आमच्या ऑडिट फर्ममध्ये मॅनेजर होत्या. मी विट्याचा. वडील यंत्रमागावर कामाला, घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. इंग्रजीत चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की मला घाम फुटायचा. पहिल्याच क्लायंटसमोर मी आकडे उलटे वाचून दाखवले, तेव्हा वाटलं, आता व्हिसा रद्द. गाडीत मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही हरलास. सातातली एक आहे. उद्या दुसरी." त्या हिशेबावर माझी नोकरी टिकली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

हा साताचा हिशेब बेसबॉलचा होता. लग्न होऊन मॅडम बहरीनला आल्या तेव्हा खालच्या मजल्यावर अमेरिकन कुटुंब राहायचं. नवरा नौदलात. ऑक्टोबर आला की पहाटेच त्यांच्या टीव्हीचा आरडाओरडा सुरू व्हायचा. मॅडम तक्रार करायला खाली गेल्या आणि सामना संपेपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन गेल्या.

"क्रिकेट मला कधी कळलं नाही," त्या सांगायच्या. "बेसबॉल कळलं, कारण त्यात विजेता ठरवायची पद्धत ऑडिटसारखी आहे. एका नोंदीवर विश्वास नाही." अमेरिकेतल्या दोन लीग उन्हाळाभर आपापल्या घरात खेळतात. शेवटी दोन्ही घरांचे विजेते समोरासमोर येतात. सातातल्या चार जो आधी जिंकेल तो विजेता. याला वर्ल्ड सिरीज म्हणतात. "त्यात वर्ल्ड काही नाही," मॅडम म्हणायच्या, "पण सिरीज आहे."

इतिहासही त्यांना पाठ होता. सुरुवातीला दोन लीगचं एकमेकींशी पटत नव्हतं. पहिल्या वेळी दोन संघांच्या मालकांनीच आपसात ठरवून सिरीज खेळवली, तीही नवातल्या पाचांची. दुसऱ्या वर्षी जुन्या लीगच्या विजेत्याने नकार दिला. आम्ही विजेते आहोतच, त्या कालच्या पोरांशी कशाला खेळायचं?

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्या वर्षी विजेता नाही. शंभरावर वर्षं झाली, यादीत तेवढी जागा रिकामी आहे. लोक इतकं बोलले, की नाही म्हणणाऱ्या मालकालाच पुढच्या वर्षी नियम लिहायला बसावं लागलं. नंतर महायुद्धं झाली, तरी सिरीज बंद पडली नाही. एकदाच पडली. खेळाडूंचा पगारावरून संप झाला तेव्हा."

हे सगळं आमच्या मराठी मंडळापर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं. मंडळात क्रिकेटच्या दोन स्पर्धा व्हायच्या. झिंज-अदलियातले बँकर, इंजिनियर, अकाउंटंट भाड्याच्या हिरवळीवर खेळायचे. मुहर्रकमधले एसी मेकॅनिक, ड्रायव्हर, सुतार विमानतळामागच्या खडीवर खेळायचे. मी हिरवळीवर बोलिंग टाकायचो. खडीवरच्या टीमचा कॅप्टन माझा चुलतभाऊ तुकादादा, एसी मेकॅनिक. दोन्हीकडचे विजेते 'बहरीन मराठी चॅम्पियन' असा शर्ट छापून घ्यायचे आणि गणपतीत एकाच आरतीला उभे राहायचे. मंडळाच्या हॉलमधल्या फलकावर मात्र पितळी पट्टी लागायची ती हिरवळवाल्यांच्या नावाची.

निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं असताना मॅडम क्रीडा सचिव झाल्या. दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, दोन्ही विजेते सात मॅचची सिरीज खेळतील, तरच फलकावर नाव लागेल.

आमचा कॅप्टन प्रसाद बँकेत होता. तो म्हणाला, "मॅडम, त्यांच्याशी सात मॅच? आमचं स्टँडर्ड वेगळं आहे हो."

"मग अडचण काय? चारांतच संपेल."

प्रसाद नाहीच म्हणाला. वार्षिक समारंभात ट्रॉफी टेबलावर तशीच राहिली. मॅडम माइकवर म्हणाल्या, "यंदा विजेता नाही. जेवण तयार आहे." फलकावर त्यांनी पट्टी बसवून घेतली. कोरी.

तुकादादा पेटला. त्याला समजवायला मी मॅडमना मुहर्रकला त्याच्या खोलीवर घेऊन गेलो. "बाई, आमी तयार हुतो की! मग आमचं नाव का न्हाय?"

"समोरचे आले नाहीत म्हणून मिळालेलं नाव हवंय तुम्हाला?"

"नको," दादा म्हणाला. "पर पुढच्या साली बी ते न्हाय म्हनले तर?"

"तर दोन पट्ट्या कोऱ्या."

वर्षभर हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण त्या पट्टीबद्दल विचारायचा. प्रसादच्या मुलाने तर सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, व्हाय इज दॅट वन एम्प्टी?" पुढच्या मोसमात प्रसाद स्वतः मॅडमच्या केबिनमध्ये आला.

पहिल्या दोन मॅच हिरवळीवर, मधल्या तीन खडीवर, लागल्याच तर शेवटच्या दोन पुन्हा हिरवळीवर, हीसुद्धा बेसबॉलचीच रीत. पहिल्या दोन आम्ही जिंकलो. "खलास ना मॅडम?" प्रसादने विचारलं. "दोन झाल्या," मॅडम म्हणाल्या. खडीवर चेंडू कुठूनही उसळायचा. तिथे आम्ही एक जिंकलो, दोन हरलो. सहावी दादाच्या पोरांनी आमच्याच हिरवळीवर मारली. तीन-तीन.

सातवीचा शुक्रवार मॅडमच्या विमानानंतरचा होता. निवृत्त होऊन त्या कायमच्या भारतात परतत होत्या, व्हिसा संपत होता. मॅच अलीकडे घेऊ, असं प्रसाद आणि दादा दोघंही म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मॅडमनी ऐकलं नाही. "तारीख ठरली आहे. प्रेक्षकासाठी बदलत नाहीत."

विमानतळावर मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही गेल्यावर आमचे लोक काहीतरी कारण काढतील. येणारच नाहीत."

"शक्य आहे," त्या म्हणाल्या आणि ट्रॉली ढकलत आत गेल्या.

शुक्रवारी मी भीतभीतच मैदानावर गेलो. आमची अख्खी टीम आधीच येऊन पॅड बांधत होती. दादाची पोरं मिनीबसमधून उतरत होती. विचारणारं, लिहून घेणारं कोणी नव्हतं. शेवटच्या ओव्हरमध्ये दादा माझ्यासमोर होता. मारायला गेला आणि लाँग-ऑनला प्रसादने कॅच घेतला. आम्ही थोडक्यात जिंकलो. दादा बॅट टाकून खेळपट्टीवरच बसला. प्रसाद धावत आला आणि त्याच्याशेजारी बसला.

मी मॅडमना फोन लावला. निकाल सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कळलं. तुकारामचा आला होता फोन. हरलो म्हणाला. मग त्यानेच विचारलं, पट्टीवर हरणाऱ्याचं काय लिहितात?"

"काय सांगितलंत?"

"नाव लिहीत नाहीत. पण विजेत्याच्या नावापुढे चार-तीन लिहितात. नुसतं नाव असेल तर वाटेल, तुम्ही सहज जिंकलात. कोरणाऱ्याला नीट सांग. ठेवते, कुकर लावलाय."

कोरणाऱ्याकडे मी जाणार होतो, पण प्रसाद म्हणाला, मी जातो. नवी पट्टी कोऱ्या पट्टीखाली लागली. तिच्यावरचे आकडे आमच्या नावापेक्षा मोठे आले आहेत, दारातूनच वाचता येतात. प्रसाद म्हणतो, कोरणाऱ्याची चूक आहे.