भावपूर्ण

माझा धंदा चेहऱ्यांचा. नांदेडात माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि फ्लेक्सवर कुणी कसं तोंड करायचं हे आमच्याकडं जवळजवळ ठरून गेलेलं आहे. पुढाऱ्यानं हात जोडून किंचित हसायचं. कार्यकर्त्यानं गॉगल लावून मोबाइल कानाला धरायचा. आणि खाली बारक्या गोलांत जे 'शुभेच्छुक' असतात, त्यांनी पासपोर्ट फोटोतलं घाबरलेलं तोंड आणून द्यायचं. ह्या सगळ्यांना गोरं करता करता माझ्या डोळ्यांना चष्मा लागला. पण खरा चेहरा म्हटलं की मला अजून आक्कांच्या कॅसेटची कव्हरंच आठवतात.

आक्का म्हणजे गाणाऱ्या आक्का. आमच्या भागात नाव सांगायची गरज नाही, म्हणून सांगत नाही. एक काळ असा होता की एसटी स्टँडवर, काळीपिवळी जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात, जिथं जाल तिथं त्यांचाच आवाज. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, भजनं. आमच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर त्यांच्या कॅसेटी ओळीनं लावलेल्या असत. मी गाणी कमी ऐकायचो, कव्हरं जास्त बघायचो.

पहिल्या कव्हरवर त्या हसून राहिल्यात, एक भुवई वर, कुणाची तरी खोडी काढून आल्यासारख्या. दुसऱ्यावर पदर डोक्यावर, मान खाली, ओठ घट्ट. अबोला धरलेली बाई असते ना, तशा. तिसऱ्यावर डोळे मिटलेले, मान जराशी मागं. आणि चौथ्यावर त्या थेट समोर बघतात. हसत नाहीत, रागावत नाहीत, नुसत्या बघतात. त्या चौथ्या कव्हरची मला लहानपणी भीती वाटायची. आई म्हणायची, "अरे, तुला न्हाई बघत त्या. दुसऱ्याच कुणाला तरी बघून राहिल्यात." आई बरोबर होती, पण ते कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

माझा जीव तिसऱ्या कव्हरवर. ते मिटलेले डोळे! दोस्तमंडळींना मी त्यावर भाषणं ठोकायचो. म्हणायचो, ह्याला म्हणतात तल्लीनता, गाणं आत उतरलं की चेहरा असा होतो. कुणी ऐकत नसे, तरी मी बोलत असे. माझी ती खोडच आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीच्या मंडळानं ठरवलं की आक्कांना नांदेडला बोलवायचं, सत्कार करायचा, जमलं तर दोन गाणी म्हणवून घ्यायची. निरोप द्यायला मी लातूरला गेलो. डाळमिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं बारकी ओसरी. त्यांचे पेटीवादक यजमान केव्हाच गेले. मूलबाळ नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आक्का म्हणाल्या, "येते की. मला कुठं दळण टाकायचंय?"

चहा पिता पिता मी कव्हरांचा विषय काढला. मला वाटलं, आता कलेवर काहीतरी ऐकायला मिळणार. आक्का पदरानं तोंड झाकून हसल्या.

"कशाची कला रं! ते सगळे फोटो एकाच मानसासाठी हायत. माझ्या दादासाठी."

मग त्यांनी सांगितलं. माहेर रेणापूरचं, शेतकऱ्याचं घर. ही स्टेजवर गायला लागली, वर पेटीवाल्याशी आपल्या मनानं लग्न केलं. थोरल्या भावानं त्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं, "आता तुझं मेल्यालं तोंड बघायलाच येईन. त्येच्या आधी न्हाई." तेव्हापासून तो आला नाही. रेणापूर लातूरहून कितीसं लांब? हाकेच्या अंतरावर. पण नाही आला.

"मग मी म्हनलं, माझं तोंड बघत न्हाईस काय? थांब. स्टँडवर टपरी-टपरीला माझं तोंड लावते, मग कुठं बघतोस बघू. पहिल्यात हसले, म्हनजे त्याला कळावं बरं चाललंय माझं. दुसऱ्यात रुसले. चौथ्यात नुसतं विचारलं, येतोस का न्हाई."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसरा आई गेली तेव्हाचा. मला कळवलं बी न्हाई त्यानं. रडून रडून डोळे उघडंनात, अन् फोटोवाला आला होता, त्याचा दिवस बुडत होता. म्हनला, मिटूनच बसा." त्या थांबल्या. "तेवढा नको लावू बरं. दुखाचा हाय. आत्ताचा काढ की माझा, हसरा."

मी मोबाइलवर काढला. छान आला होता. दात कमी, पण भुवई तश्शीच वर.

निघताना मी धीर करून विचारलं, आक्का, भावाचा राग नाही येत? तर म्हणाल्या, "कशाला येईल? शिवी देऊन गेला त्यो, पन मी शिवी म्हनून घेतलीच न्हाई. येईन म्हनलाय ना? शब्दाचा पक्का हाय आमचा दादा. मेल्यावर का होईना, येनार. शेवटचं लुगडं घेऊन येनार." आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात, आणि ते भावानं आणायचं असतं. लोक काशीला जायची वाट बघतात तशी ही बाई त्या लुगड्याची वाट बघत होती.

आता माझी अक्कल ऐका.

दुकानात बसून फ्लेक्स करायला घेतला. हसरा फोटो लावला, आणि मला तो पटेना. अगदी कुणाच्याही आजीसारखा दिसायला लागला. माझ्यातला कलावंत जागा झाला, आग लागो त्याला. मी म्हटलं, आक्कांना काय कळतं, लोकांना भाव पाहिजे भाव! आणि तिसऱ्या कॅसेटचा फोटो स्कॅन करून लावला. कृष्णधवल केला, कारण तसा तो जास्त भारदस्त वाटत होता. सत्कार आहे म्हणून भोवती झेंडूच्या माळेची चौकट घातली. आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'भावपूर्ण गायिकेस विनम्र अभिवादन'. खाली कार्यक्रमाचा दिवस, वेळ, हॉल.

बायको चहा घेऊन आली. स्क्रीनकडं बघून म्हणाली, "अगंबाई, कोण गेलं हो?"

मी खेकसलो. "तुला कलेतलं काय कळतं?"

आयुष्यभर ज्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापून पोट भरलं, त्याला हे दिसू नये? भावपूर्ण हा शब्द आमच्या गावात जिवंत माणसाला कुणी लावतच नाही. तो शब्द दिसला की लोक पुढचं वाचत नाहीत, चप्पल घालून निघतात. बायकोला जे एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मी माझ्याच डोळ्यांवर खूश होतो.

सकाळी फ्लेक्स चौकात लागला. लागला तो नेमका उसाच्या रसाच्या गाड्यामागं, आणि खालचा भाग, कार्यक्रमाचा, गाड्यानं झाकला. राहिलं काय? मिटलेले डोळे, झेंडूची माळ, आणि माझं ते भावपूर्ण. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकानं टाकला की सगळ्यांचे जोडलेले हात सुरू! मला कळलं ते हॉलवाल्याचा फोन आला तेव्हा. "साहेब, बुकिंग कॅन्सल करायचं का? बाई गेल्या म्हणे."

आधी चौकात जाऊन फ्लेक्स फाडला, मग आक्कांना फोन लावला. त्यांनी उचलला. "हाव, जिवंत हाय. सकाळपासून माझ्याच मयताला मी हजर हाय. लई मानसं फोनवर रडून राहिली रं, जिवंतपनी कुनी इचारलं न्हाई एवढं!" आणि खदखदा हसल्या. मी रडायला लागलो तर मलाच समजावायला लागल्या.

तरी मला राहवेना. मिळाली ती एसटी पकडून लातूर गाठलं. पाया पडलो. त्या आत चहा ठेवायला गेल्या आणि मी ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसलो. वाटेत सारखा एकच विचार येत होता, रेणापूरला कळलं नसेल ना? आक्कांनी भावाचं नावही काढलं नव्हतं.

फाटक वाजलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काठी टेकत आलेला म्हातारा. काखेत कापडदुकानाची पिशवी. रेणापुरात सगळ्यांना दुपारपर्यंत माहीत झालं होतं म्हणे, पण ह्यांच्यापुढं बहिणीचं नाव काढायची हिंमत कुणाची होईना, म्हणून उशीर. अंगणात माणसं नाहीत, तिरडी नाही, आणि मी असा डोकं धरून बसलेला. त्यांनी मला विचारलं, "नेलं का?"

मी नुसतं डोकं वर केलं. ते खालच्या पायरीवर मटकन बसले. "थांबायचं होतं की रं थोडं," म्हणाले. "मी येनार हे माहीत होतं की तिला."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आक्का दारात आल्या. एवढ्या वर्षांनी एकच वाक्य ऐकून त्यांनी आवाज ओळखला होता.

मी धंद्यानं चेहऱ्यांचा माणूस, पण तो चेहरा मला सांगता येणार नाही. चारही कव्हरांवर तो नाही. सत्तरी ओलांडलेली बाई आठ-नऊ वर्षांच्या पोरीसारखी दिसत होती, एवढंच सांगतो. "दादा," म्हणाल्या. "आलास रं."

म्हातारा उठला. त्यानं तिच्याकडं बघितलं, नीट बघितलं. मला वाटलं, झालं, आता गळ्यात पडतील. माझी चूक सोन्याची झाली असंही क्षणभर मनात येऊन गेलं, मी असला नालायक.

"सोंग," तो म्हणाला. "जल्मभर सोंगं केलीस. आता मरनाचं बी केलंस? मला बोलवायला?"

"न्हाई रं दादा, मी न्हाई..."

"सोंगाडे."

मी तिथंच होतो, दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं: काका, चूक माझी आहे, आक्कांना ठाऊकही नव्हतं. नाही बोललो. त्या म्हाताऱ्याच्या रागाला मी भ्यालो. पिशवी त्यानं पायरीवर ठेवली. मयताचं कापड घरी परत नेत नाहीत. आणि गेला.

तो फाटकाबाहेर पडल्यावर मला कंठ फुटला. धावत गेलो. गल्लीच्या तोंडाशी तो रिक्षात बसत होता. मी हात जोडले, सगळं सांगितलं, फ्लेक्स, फोटो, भावपूर्ण, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. राग उतरलेला दिसला, आणि तेच जास्त वाईट होतं.

"असंल," म्हणाला. "तू केलं काय अन् तिनं केलं काय. मी येईन म्हनलो होतो, आलो. लुगडं दिलं. आता मोकळा झालो." रिक्षा निघून गेली.

पुढं कार्यक्रम झाला. हॉल ओसंडून वाहत होता, कारण मेलेली बाई गाणार म्हणून सगळं नांदेड लोटलं होतं. मंडळाचे लोक अजून माझी पाठ थोपटतात, म्हणतात, काय डोकं चालवलंस! मी मान खाली घालून चहा पितो. बायको तेवढी काही बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं मला फार वाटतं.

त्या दिवशी मी रिक्षापासून परत आलो तेव्हा आक्का पायरीवर बसल्या होत्या. इरकल लुगडं मांडीवर उलगडलेलं, चांगलं भारी, काठ हातानं निरखून राहिल्या होत्या.

"काय म्हनला?"

"काही नाही, आक्का. घाईत होते."

"मोकळा झालो म्हनला असंल."

त्यांनी लुगड्याची घडी घातली, एकदा, पुन्हा एकदा, काठाला काठ जुळवून. पिशवीत ठेवलं. आणि कुणाला निरोप सांगावा तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं रं. आता माझं खरंच झालं की लवकर उचला. कुनाची वाट बघायची न्हाई."